हिरव्या टिकलीचा माल

मी ऑकलंडमध्ये सहा वर्षं नक्की काय काम करत होतो, हे माझ्या आईला अजून माहीत नाही. फोनवर मी "प्रिसिजन कॉम्पोनंट्स" असं सांगितलं होतं आणि तिने ते चिंचवडच्या अख्ख्या सोसायटीला सांगितलं. आता इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिका मागे लागल्या, "तुमच्या त्या दुकानाबद्दल लिहाच," म्हणाल्या, आणि आई हा अंक मोबाइलवर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. तेव्हा आई, आधी बसून घे. मी बंदुकांच्या दुकानात कामाला होतो. ओटाहुहु स्टेशनच्या मागे, टायरवाल्याच्या शेजारच्या शेडमध्ये. बंदुका विकायला पुढे मालक होता. मी मागच्या खोलीत बसून पुंगळ्या कापायचो.

"पुंगळ्या कापायचो म्हणजे काय रे?" असं मंडळाच्या गणपतीत मला निदान वीस जणांनी विचारलंय, म्हणून एकदाच सांगून टाकतो. रायफलच्या काडतुसात चार वस्तू असतात. बुडाला टोपी, पोटात बारूद, तोंडाशी गोळी, आणि या तिघांना धरून ठेवणारी पितळेची नळी, तीच पुंगळी. बार काढला की टोपी फुटते, बारूद जळतं, गोळी निघून जाते आणि पुंगळी तेवढी हातात राहते. इथला शिकारी ती फेकत नाही. श्रीखंडाचे रिकामे डबे आमची आई ज्या निष्ठेने सांभाळते, त्याच निष्ठेने तो पुंगळ्या सांभाळतो, धुतो आणि पुन्हा भरतो. एकेक पुंगळी सात-आठ वेळा सहज चालते.

पण बार झाला की पुंगळी आतून फुगते. पुन्हा वापरायची तर तिला पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबून मूळ जाडीला आणावं लागतं. आता कडेने दाबलं तर पितळ जाणार कुठे? कणकेचा गोळा मुठीत दाबला की जसा वरून बाहेर येतो तसं ते तोंडाकडे सरकतं आणि पुंगळी लांब होते. फार नाही, केसाच्या दोन-तीन जाडीएवढी. ज्या मापाच्या रायफली आमच्याकडे जास्त यायच्या, त्यांच्या पुंगळीची कमाल लांबी एकावन्न पूर्णांक अठरा मिलीमीटर. त्याच्या वर गेली की तिचं तोंड रायफलच्या आतल्या कडेला टेकतं, गोळीला चिमटा बसतो, गोळी वेळेवर सुटत नाही, आणि आतला दाब वाढत जातो. हे सगळं माणसाच्या गालापासून वीतभर अंतरावर होतं. म्हणून लांबलेली पुंगळी छोट्या यंत्रावर लावायची, तोंड कापून पन्नास पूर्णांक त्र्याण्णववर आणायची आणि कापलेल्या कडेला उरलेली बारीक धार, म्हणजे बर, साफ करायची. झालं माझं काम. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा, भोसरीत आठ वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शन, वर इथे येऊन केलेला क्वालिटी मॅनेजमेंटचा दुसरा डिप्लोमा, आणि हा सगळा फौजफाटा पाव मिलीमीटर पितळासाठी.

इथे मी २०११ साली विद्यार्थी म्हणून आलो. पुढच्या वर्षी कोर्स संपला आणि नोकरी शोधता शोधता मर्व्हच्या दुकानात पोचलो. मर्व्ह म्हणजे मालक. साठीचा, बंदुका दुरुस्त करण्यात हात धरणारा कोणी नाही, आणि दिवसाला मोजून दहा शब्द बोलणारा. मुलाखतीत त्याने माझ्या हातात एक पुंगळी आणि एक व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची सरकपट्टी, ठेवला. मी लांबी शंभराव्या भागापर्यंत वाचून दाखवली. त्याने स्वतः मोजून पाहिली, "स्वीट ॲज," म्हणजे झकास, म्हणाला आणि मला मागची खोली दाखवली. माझा सीव्ही त्याने कधी उघडला असेल असं मला वाटत नाही. बारूद भरणं आमच्याकडे नव्हतं, ते गिऱ्हाईक आपापल्या घरी करायचं. आम्ही फक्त पुंगळ्या धुऊन, दाबून, कापून द्यायचो.

गिऱ्हाइकं एकेक नग होती. एक दातांचा डॉक्टर स्वतःचा व्हर्नियर खिशात घालून यायचा आणि काउंटरवर उभा राहून माझ्या पन्नासच्या पन्नास पुंगळ्या मोजायचा. त्याला सगळ्या सारख्या लागायच्या, एक शतांश इकडची तिकडे चालायची नाही. नेम कसा लागतो म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणाला, "छे, मी शूटिंगला जातच नाही फारसा, गुडघे दुखतात." दुसरा एक आइस्क्रीमच्या डब्यातून पुंगळ्या आणायचा आणि त्यात प्रत्येक वेळी पॉसम नावाच्या इथल्या रानटी प्राण्याचे केस, वाळकी पानं आणि एकदा अर्धं सँडविच निघालं. मी हसायचो खरा, पण माझी स्वतःची मर्दुमकी सांगतो. दुकानात काम म्हणून मी लायसन्स काढलं, लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळवले, आणि पहिल्यांदाच नेमबाजीच्या रेंजवर गेलो. दहा बार काढले. माझं टार्गेट कोरं करकरीत राहिलं आणि शेजारच्या बाईच्या टार्गेटवर एक भोक जास्त निघालं. खांदा आठ दिवस काळानिळा होता. पापाटोएटोला घरी जाताना ट्रेनमध्ये मी डाव्या हाताने उजवा खांदा धरून बसायचो आणि लोक उठून जागा द्यायचे.

या सगळ्या गिऱ्हाइकांत कॉलिन माझा आवडता. चौऱ्याहत्तर वर्षांचा, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला फिटर. एवढ्या मोठ्या माणसाला नुसतं नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना, म्हणून सुरुवातीला मी त्याला काहीच म्हणायचो नाही, नुसता खाकरायचो. त्याच्या डोळ्यांच्या मधोमध धुरकट डाग आला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. त्यामुळे त्याची शिकार बंद झाली होती. शिकार आता त्याची मुलगी करायची. रॉबिन तिचं नाव, हॉस्पिटलात नर्स. दर एप्रिलला, हरणांचे नर डोंगरात ओरडत फिरतात त्या दिवसांत, बापलेक चार दिवस रानातल्या झोपडीत जाऊन राहायचे. ती पहाटे बाहेर पडायची, तो चहा ठेवून वाट बघायचा. पण काडतुसं मात्र त्याच्या हातची. शिकारीतलं तेवढं एकच काम त्याच्याकडे उरलं होतं आणि ते तो जिवापाड जपायचा.

आता समोरचं न दिसणारा माणूस काडतुसं भरतो कशी, तर बारूद एका ठरावीक मापाच्या पळीने घ्यायचा, वरून पट्टी फिरवून सपाट करायचा, आणि शेवटी प्रत्येक पुंगळीत रॉबिन टॉर्च मारून बघायची. लांबी मात्र व्हर्नियरवर वाचावी लागते आणि आकडे त्याला दिसेनासे झाले होते. म्हणून तेवढं त्याने माझ्यावर सोपवलं. पुंगळ्यांची पिशवी काउंटरवर ठेवून म्हणायचा, "हे माझे डोळे, मेट. नीट वापर." मी छाती फुगवून हो म्हणायचो.

आणि मग मला सुधारणा करायची हुक्की आली.

भोसरीत काम केलेल्या माणसाला एक रोग असतो. त्याला काहीही दिसलं की ते सुधारावंसं वाटतं. मर्व्हची पद्धत साधी होती. पुंगळी आधी दाबायची, मग मोजायची, लांब असेल तर कापायची. पण त्यामुळे गिऱ्हाइकाला दोन दिवस कळायचं नाही की त्याच्या किती पुंगळ्या कापाव्या लागणार. हे काही व्यवस्थित नाही, असं मी ठरवलं. आमच्या कंपनीत गेटवर माल मोजल्याशिवाय आत घ्यायची सोयच नव्हती. मी तेच इथे आणलं. गिऱ्हाइकाच्या समोर, काउंटरवरच मोजायचं. कमाल लांबीच्या आतल्या पुंगळ्यांच्या पिशवीवर हिरवी गोल चिकटपट्टी लावायची आणि त्यावर माझी सही. टिकली लागली की माल पास, तो सरळ दाबायला जाणार, कापायला नाही. बाकीचा माल दुसऱ्या रांगेत. याचा मी रंगीत तक्ता केला, लॅमिनेट केला, भिंतीवर लावला. जमिनीवर पिवळ्या पट्टीने चौकोन आखले. मर्व्हची म्हातारी कुत्री नेमकी "तयार माल" लिहिलेल्या चौकोनात झोपायला लागली, तर मी तिलाही रोज उठवून बाहेर काढायचो. मर्व्हने तक्ता पाहिला, मान हलवली. मला वाटलं, भारावला.

हुशार वाचकांच्या लक्षात आलंच असेल. भोसरीत गेटवर मोजलेलं कास्टिंग आत आल्यावर वाढत नाही. पुंगळी वाढते. दाबली की वाढते, हे मी वर तुम्हाला कणकेच्या गोळ्यासकट समजावून सांगितलंय, तसंच तेव्हाही येईल त्याला समजावून सांगायचो. आणि तरी मी दाबायच्या आधी मोजून माल पास करत होतो. मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. मंडळाच्या सहलीत तर मी या सुधारणेवर अर्धा तास बोललो होतो, आणि आयटीवाल्या मंडळींनी माना डोलावल्या होत्या.

हे दोन आठवडे चाललं. कॉलिनच्या चाळीस पुंगळ्या त्याच आठवड्यांत आल्या, मोजल्या, टिकली लागली, दाबल्या आणि परत गेल्या.

एका शनिवारी सकाळी रॉबिन दुकानात आली. हातात काडतुसांचा डबा. डबा काउंटरवर ठेवून ती मर्व्हला म्हणाली, "ही सगळी उघडून मोडून टाकशील? बाबांनी भरलीत. पहिलंच घातलं तर रायफलचा बोल्ट बंद होईना, तळहाताने ठोकून बंद केला. बार काढला तर उघडेना. टोपी चपटी झाली होती, इतका दाब. मी पुढे एकही उडवलं नाही, आम्ही सरळ परत आलो."

"तुला लागलं नाही ना?" मर्व्हने विचारलं.

"नाही. पण यंदा भरताना माझी ड्यूटी होती, मी टॉर्च मारून पाहिलं नाही. पळी जास्त भरली असणार. त्यांना दिसत नाही, मर्व्ह, आणि त्यांनी ते मान्य केलंय. आता भरणं बंद." तिने डबा मर्व्हकडे सरकवला. "त्यांनी माझ्याशी वादसुद्धा घातला नाही."

ती गेली. मी एकोणचाळीस काडतुसं मागे नेली आणि एकेक उघडली. आधी बारूद काट्यावर तोललं. पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस बरोबर, दातांच्या डॉक्टरलासुद्धा बोट ठेवता आलं नसतं असं. मग मी व्हर्नियर उचलला. एकावन्न पूर्णांक एकतीस. एकावन्न पूर्णांक सत्तावीस. एकोणचाळीसपैकी एकतीस पुंगळ्या लांब. आणि डब्याच्या आत, रॉबिनने घडी करून ठेवलेल्या माझ्याच पिशवीवर, हिरवी टिकली आणि माझी झोकदार सही.

मर्व्ह दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बिचारा कॉलिन. डोळेच गेले."

आणि मी म्हणालो, "हं."

तेवढंच. एवढं मोठं खोटं मी आयुष्यात एका अक्षरात बोललो नव्हतो.

का बोललो, तेही लिहितो, नाहीतर हे अनुभवकथन कसलं. माझा रेसिडेन्सीचा, म्हणजे इथे कायम राहण्याचा, अर्ज आत होता आणि तो या नोकरीच्या जिवावर उभा होता. चूक कबूल केली असती तर मर्व्हने हाकललं असतं, आणि हाकललं असतं तर बायकोसकट परतीचं विमान. असा हिशोब मी त्या अर्ध्या मिनिटात केला. मोजमापात मी पहिल्यापासून तल्लख. दुपारी मर्व्ह जेवायला गेला तेव्हा मी त्या दोन आठवड्यांतल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना फोन लावले. बहुतेकांचा माल अजून आमच्याकडेच पडून होता. दोघांचा गेला होता, त्यांना म्हटलं, दुकानातर्फे फ्री री-चेक आहे, घेऊन या. दोघेही खूश झाले. एकाने तर "चीअर्स मेट, तुमची सर्व्हिस म्हणजे सर्व्हिस," असं म्हटलं. आपल्या घोडचुकीला फ्री सर्व्हिस म्हणायची अक्कल मला होती. ज्याचं खरं नुकसान झालं होतं त्या एकट्याला मी फोन केला नाही.

सोमवारी मी मर्व्हच्या पद्धतीवर गुपचूप परत गेलो. मंगळवारी तक्ता भिंतीवरून काढला. "काय झालं त्याला?" मर्व्हने विचारलं. "अपडेट करतोय," मी म्हटलं. बुधवारी जेवताना मला राहवलं नाही आणि मी माधवीला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. ती इथे बालवाडीत शिकवते. चार वर्षांच्या मुलांकडून खरं काढून घेण्याची तिला सवय आहे, त्यामुळे तिला फार प्रश्न विचारावे लागले नाहीत.

"म्हणजे त्या बिचाऱ्याला वाटतंय की त्याच्या हातून मुलगी मरता मरता वाचली," ती म्हणाली.

"तसं कोणी म्हणालेलं नाही."

"म्हणायला कशाला लागतंय?" तिने पोळी ताटात ठेवली. "तू आत्ताच्या आत्ता फोन कर."

"अगं, व्हिसा..."

"गेला तर जाऊ परत चिंचवडला. तिथे काय वाघ आहेत? मला नाही असल्या माणसाबरोबर इथे राहायचं जो..." तिने वाक्य पुरं केलं नाही आणि ताट घेऊन उठली. मी फोन केला नाही. गुरुवारी करतो म्हटलं. गुरुवारीही केला नाही. माधवी दोन दिवस माझ्याशी फक्त भाजी, कचरा आणि वीजबिल या विषयांवर बोलली.

शुक्रवारी दुपारी दुकानाचं दार उघडलं आणि कॉलिन आत आला. दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं एक जड ओझं. त्याने ते चाचपत काउंटरवर ठेवलं. त्याचा काडतुसं भरायचा प्रेस होता. हाताने ओढायचा, ओतीव लोखंडाचा, मुठीचं लाकूड घासून घासून काळं झालेलं. घरून पुसून, तेल देऊन आणला होता.

"विकून टाक, मर्व्ह," तो म्हणाला. "चांगल्या माणसाला दे. एखाद्या तरुणाला."

मी मागच्या दारात उभा होतो. कॉलिनला मी दिसलो नाही, पण चाहूल लागली. "तू आहेस का रे? तुझ्या पुंगळ्या मी फुकट घालवल्या. सॉरी, मेट."

त्याने मला सॉरी म्हटलं. सहा दिवस मी जे काही गिळून बसलो होतो ते वर आलं, आणि मी एका दमात बोलून टाकलं. टिकलीचं, गेटवरच्या तपासणीचं, एकतीस पुंगळ्यांचं, एकोणचाळीस बारूदांच्या वजनाचं. घाबरलो की माझं इंग्रजी भोसरीला परत जातं, त्यामुळे निम्म्या गोष्टी मी दोनदा सांगितल्या. मी बोलत असतानाच रॉबिन गाडी लावून आत आली होती. ती दाराशीच थांबून सगळं ऐकत होती.

कॉलिनने विचारलं, "बारूद बरोबर होतं?"

"सगळं. एकूण एक."

"आणि हे तुला कधी कळलं?"

"गेल्या शनिवारी."

तो म्हणाला, "मी मंगळवारी डॉक्टरकडे गेलो होतो. म्हटलं, डोळ्यांचं राहू दे, माझे हात कापतात का ते बघा."

मी त्याच्या हातांकडेच बघत होतो. प्रेसच्या मुठीवर ठेवलेले ते हात अजिबात कापत नव्हते.

रॉबिन पुढे आली. आवाज तिने जराही चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "आमच्या वॉर्डात चूक झाली की त्याच शिफ्टमध्ये लिहून द्यावी लागते," ती मला म्हणाली. "पेशंट सहा दिवस वाट बघत नाही." मग बापाकडे वळून म्हणाली, "मी तुम्हाला काय काय बोलले, बाबा." त्याने नुसता हात हलवला.

मर्व्हने विचारलं, "मग प्रेस परत नेताय?"

"नाही," रॉबिन म्हणाली. "बारूद ते बरोबर घेतात, कळलं मला. पण लांबी कोण बघणार? मला व्हर्नियर वाचता येत नाही. आणि याच्या सहीवर मी आता पुन्हा बार काढणार नाही." प्रेस काउंटरवरच राहिला. ती दोघं गेली.

मी मर्व्हसमोर उभा राहिलो आणि म्हटलं, मी सामान आवरतो. मर्व्हने खालून कुत्रीला उचललं, तिच्या आवडत्या चौकोनात नेऊन ठेवलं आणि म्हणाला, "सोमवारी वेळेवर ये. आणि ती पिवळी पट्टी खरवडून काढ." त्या दिवसाचे त्याचे दहा शब्द तिथे संपले.

नोकरी राहिली, पुढे रेसिडेन्सीही झाली, पण त्या शनिवार-रविवारी मला त्यातलं काही सुचत नव्हतं. डोक्यात एकच, लांबी कोण बघणार. रविवारी दुपारी मला उत्तर सुचलं आणि ते सुचायला इतका वेळ लागला याची लाजही वाटली. आमच्या लाइनवर कामगार दिवसाला हजार नग तपासायचे, ते काय प्रत्येकाला व्हर्नियर लावत होते? त्यांच्या हातात एक खाच पाडलेला पोलादी तुकडा असायचा, गो-नोगो गेज म्हणायचे त्याला. नग खाचेत गेला तर पास, अडला तर बाद. आकडा वाचायची गरजच नाही. मान वर करून गप्पा मारत मारत तपासायचे. मी साहेब असल्यामुळे ते गेज मी फक्त कपाटात मोजून ठेवायचो, कधी वापरलं नव्हतं.

सोमवारपासून मर्व्हच्या मशीनवर कॉलिनसाठी गेज करायला घेतलं. पहिला तुकडा मी एकावन्न पूर्णांक एक्याऐंशीला कापला. अठराच्या जागी एक्याऐंशी. त्यात दोन पुंगळ्या शेजारी शेजारी झोपल्या असत्या. दुसरा घासता घासता वाकडा झाला. मर्व्ह येऊन बघायचा आणि काही न बोलता आणखी एक पोलादाचा तुकडा ठेवून जायचा. तिसरा बरोबर उतरला. एकावन्न पूर्णांक अठराची सरळ खाच, कडा गोल घासलेल्या, बोटाला लागू नयेत म्हणून. शुक्रवारी मी कॉलिनला फोन केला आणि म्हटलं, घरात असतील त्या जुन्या पुंगळ्या घेऊन या. तुम्ही नाही म्हणालात तरी मला चालेल.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला, दुसऱ्या एका पिशवीतल्या चाळीस पुंगळ्या घेऊन. रॉबिन बरोबर होती, हाताची घडी घालून. मी पुंगळ्या मागे नेल्या, धुऊन घेतल्या, आधी दाबल्या, मग मोजल्या, सगळ्या कापल्या, पुन्हा मोजल्या. तीन तास गेले. ती दोघं थांबून राहिली होती. चाळीस पुंगळ्या मी ट्रेमध्ये रांगेने लावून काउंटरवर आणल्या आणि गेज कॉलिनच्या हातात दिलं. टिकली वगैरे काही लावली नाही.

त्याने खाचेतून बोट फिरवलं, समजून घेतलं, आणि कामाला लागला. पुंगळी उचलायची, आधी तिच्या तोंडावरून अंगठा फिरवायचा, मग खाचेत टाकायची. टक. पुढची. टक. चेहरा वर, खिडकीकडे. एकोणचाळीस पुंगळ्या त्याच्या डाव्या हाताला रांगेत लागल्या. चाळिसावी त्याने गेजमध्ये टाकली, ती गेली, तरी त्याने ती काढून माझ्यापुढे सरकवली.

"ही नको."

मी लगेच व्हर्नियर लावला. पन्नास पूर्णांक त्र्याण्णव. माझा जुना स्वभाव उसळलाच. "लांबी बरोबर आहे," मी म्हणालो, जरा जोरातच.

"लांबी बरोबर आहे," कॉलिन म्हणाला. "तोंडावर बोट फिरव."

मी बोट फिरवलं. बोटाला कचकन लागलं. तीन तास मोजत बसण्याच्या नादात एका पुंगळीची बर काढायची मी विसरलो होतो. कापलेल्या पितळाची बारीक धार तशीच होती, नखात अडकेल एवढी. मी पुंगळी खाली ठेवली. रॉबिनने घडी सोडून हात पुढे केला, पुंगळी उचलली आणि स्वतःचा अंगठा तिच्या तोंडावरून फिरवला. मग तिने बापाकडे पाहिलं. तो खिडकीकडे तोंड करून उभा होता आणि गेज खिशात घालत होता.

काउंटरच्या टोकाशी आठवडाभर पडलेला प्रेस तिने दोन्ही हातांनी उचलला, पायाने दार ढकललं आणि गाडीत नेऊन ठेवला. मी मागच्या खोलीत जाऊन चाळिसाव्या पुंगळीची बर काढायला बसलो.